दातांची कीड: ती का लागते आणि दुखण्याआधी कशी ओळखावी

दाताला कीड लागली आहे हे बहुतेकांना कळते ते दात दुखू लागल्यावर, आणि तोपर्यंत उपचाराचे सोपे मार्ग बंद झालेले असतात. दाताच्या सर्वांत बाहेरच्या आवरणात, म्हणजे इनॅमलमध्ये, मज्जातंतू नसतात. त्यामुळे या आवरणात कीड महिनोन्‌महिने, कायमच्या दातांत तर कधी काही वर्षे, वाढत राहिली तरी दात दुखत नाही. जेव्हा ती केवळ सवयी बदलून आणि फ्लोराइडच्या मदतीने थांबवता येते, काही वेळा उलटही फिरवता येते, तो काळ नेमका हाच असतो. म्हणून दुखण्याची वाट न पाहता डोळ्यांनी पाहायला शिकणे हा कीड लवकर ओळखण्याचा खरा मार्ग आहे. दंतवैद्यकाची काहीही माहिती नसलेल्या वाचकाला ही पाहणी घरच्या घरी करता यावी, दिसलेल्या खुणांचा अर्थ लावता यावा आणि दवाखान्यात कोणते प्रश्न विचारायचे ते कळावे, यासाठी हे मार्गदर्शन आहे.

हा प्रश्न मोठा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगातील सुमारे २ अब्ज लोकांच्या कायमच्या दातांना आणि सुमारे ५१ कोटी मुलांच्या दुधाच्या दातांना कीड लागलेली आहे. यातील फार मोठा भाग टाळता येण्याजोगा आहे.

दातात नेमके काय घडते

पाहणीकडे वळण्यापूर्वी ही प्रक्रिया समजून घेणे आवश्यक आहे, कारण काय शोधायचे आणि कुठे शोधायचे हे त्यावरच ठरते. दातात एखादी अळी शिरते आणि ती दात पोखरते, हा समज जगभर शतकानुशतके टिकून होता; अठराव्या शतकात फ्रेंच दंतवैद्य पिएर फोशार यांनी तो खोडून काढला. कीड लागण्याचे जे स्पष्टीकरण आज पायाभूत मानले जाते ते बर्लिनमध्ये काम करणाऱ्या विलोबी मिलर यांनी १८९० मध्ये मांडले: तोंडातील जिवाणू अन्नातील साखर आणि पिष्ट आंबवतात, त्यातून आम्ल तयार होते आणि ते आम्ल दातातील खनिजे विरघळवते.

दातांवर सतत एक चिकट, पांढरट थर साचत असतो. त्याला प्लाक म्हणतात. सकाळी दात घासण्यापूर्वी हिरडीलगत नख फिरवल्यास नखाला जे मऊसर लागते ते हेच. या थरात अनेक प्रकारचे जिवाणू राहतात. त्यांपैकी स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स हा किडीच्या संदर्भात सर्वाधिक अभ्यासला गेलेला जिवाणू होय. साखर तोंडात आली की हे जिवाणू काही मिनिटांतच तिचे आम्ल बनवतात. प्लाकचा पीएच (आम्लता मोजण्याचे माप; आकडा जितका कमी तितकी आम्लता अधिक) सुमारे ५.५ च्या खाली उतरला की इनॅमलमधील कॅल्शियम आणि फॉस्फेट बाहेर पडू लागतात. त्यानंतर लाळ आपले काम करते: ती आम्ल सौम्य करते, धुऊन नेते आणि तिच्यातील कॅल्शियम व फॉस्फेट पुन्हा दातात बसतात. पीएच पूर्ववत होण्यास साधारणपणे अर्धा ते एक तास लागतो.

खनिजांचा हा जमाखर्च प्रत्येकाच्या तोंडात दिवसभर चालू असतो. जमा आणि खर्च जुळत असेल तोवर दात सुरक्षित राहतो, आणि खर्च सातत्याने वाढत गेला की कीड सुरू होते. इनॅमल हा शरीरातील सर्वांत कठीण भाग असून वजनाने त्याचा सुमारे ९६ टक्के भाग खनिजांचा असतो. परंतु त्यात जिवंत पेशी नसल्याने तो हाडासारखा स्वतःहून नव्याने घडत नाही. त्याला मिळते ती फक्त लाळेतून परत येणारी खनिजांची भर.

येथे एक गोष्ट विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. सुरुवातीच्या किडीत खड्डा पडत नाही. खनिजांचा ऱ्हास पृष्ठभागाच्या किंचित आत होतो, तर वरचा पातळ पापुद्रा बराच काळ शाबूत राहतो. आतला भाग सच्छिद्र झाल्याने त्यातून प्रकाश नेहमीसारखा आरपार जात नाही, विखुरतो, आणि तेवढा भाग खडूसारखा पांढरा दिसतो. दात ओला असताना या सूक्ष्म छिद्रांत पाणी भरलेले असते, त्यामुळे डाग लपतो. दात कोरडा केला की तो उठून दिसतो. घरच्या पाहणीत दात पुसून घेण्याला एवढे महत्त्व का आहे, ते यावरून ध्यानात येईल. वरचा पापुद्रा शाबूत आहे तोवर खनिजे परत बसू शकतात. तो एकदा कोसळला आणि खड्डा पडला, की त्या खड्ड्यात ब्रश पोहोचत नाही, प्लाक कायम मुक्काम करतो आणि कीड इनॅमलखालील डेंटिन या मऊ थरात शिरून झपाट्याने पसरू लागते.

कीड का लागते: किती साखर, त्याहून अधिक किती वेळा

कीड लागण्यासाठी चार गोष्टी एकत्र याव्या लागतात: दात, जिवाणू, साखर आणि वेळ. दात असतातच, आणि जिवाणू कोणत्याही तोंडातून पूर्णपणे घालवता येत नाहीत. आपल्या हाती उरतात साखर आणि वेळ. बहुतेक लोक साखरेच्या प्रमाणाचा विचार करतात आणि वेळेचा विसरतात. माझ्या मते नवख्या वाचकाने या लेखातून एकच गोष्ट घ्यायची झाली तर ती वेळेची घ्यावी.

एक उदाहरण पाहू. दोन व्यक्ती साखर घातलेल्या पेयाचा एकेक पेला घेतात. पहिली व्यक्ती तो जेवणासोबत दहा मिनिटांत संपवते. दुसरी तोच पेला कामाच्या टेबलावर ठेवून दोन-अडीच तास घोट घोट पीत राहते. साखर दोघींच्या पोटात सारखीच गेली, परंतु पहिलीच्या दातांनी आम्लाचा एक हल्ला सोसला आणि लाळेला पुढे कित्येक तास भरपाईसाठी मिळाले. दुसरीच्या तोंडातील पीएच प्रत्येक घोटाबरोबर पुन्हा खाली गेला आणि भरपाईला अवसरच उरला नाही. स्वीडनमधील विपेहोल्म येथील संस्थेत १९४५ ते १९५५ या काळात झालेल्या अभ्यासात हीच बाब दिसून आली: जेवणासोबत घेतलेल्या साखरेपेक्षा जेवणांच्या मध्ये वारंवार खाल्लेल्या, दातांना चिकटून राहणाऱ्या गोड पदार्थांमुळे कीड कितीतरी अधिक वाढली. तो अभ्यास मानसिक अपंगत्व असलेल्या रुग्णांवर, त्यांच्या खऱ्याखुऱ्या संमतीशिवाय केला गेला होता आणि आजच्या नीतिनियमांत तो कदापि बसणार नाही, हेही येथे नोंदवणे आवश्यक वाटते.

साखर म्हणजे केवळ पांढरी साखर नव्हे. मध, फळांचा रस, गोड सरबते, मुलांना दिली जाणारी गोड पातळ औषधे, चघळण्याच्या गोळ्या, हे सर्व जिवाणूंना सारखेच चालते. बिस्किटे आणि बटाट्याच्या कुरकुरीत चकत्यांसारखे शिजवलेल्या पिष्टाचे पदार्थ दाढांच्या खाचांत चिकटून बसतात आणि तेथे हळूहळू आंबत राहतात. प्रमाणाबाबत जागतिक आरोग्य संघटनेची २०१५ ची शिफारस अशी आहे की मुक्त शर्करा, म्हणजे वरून घातलेली साखर आणि मध, रस, सरबते यांतील साखर, दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांपेक्षा कमी असावी आणि शक्य असल्यास ५ टक्क्यांच्या खाली आणावी. दिवसाला २,००० कॅलरी घेणाऱ्या व्यक्तीसाठी हे अनुक्रमे ५० आणि २५ ग्रॅम होतात.

रात्रीचा काळ सर्वांत धोक्याचा. झोपेत लाळ अत्यंत कमी सुटते, त्यामुळे झोपण्यापूर्वी खाल्लेला गोड पदार्थ दातांवर तासन्‌तास राहतो आणि त्याला धुऊन नेणारे कोणी नसते. तोंडात दुधाची किंवा गोड पेयाची बाटली घेऊन झोपणाऱ्या बाळांचे वरचे पुढचे दात याच कारणाने किडतात. त्याच बाळांचे खालचे पुढचे दात बहुधा चांगले राहतात, कारण त्यांच्यावर जिभेचे आवरण असते आणि जिभेखालील ग्रंथींची लाळ थेट तेथे येते.

लाळ कमी असणे हे प्रौढांमध्ये वारंवार दुर्लक्षिले जाणारे कारण आहे. नैराश्यावरील काही औषधे, सर्दी व ॲलर्जीवरील काही गोळ्या, रक्तदाबाची काही औषधे यांमुळे तोंड कोरडे पडते. डोके आणि मान यांवर किरणोपचार झाल्यास लाळग्रंथी कायमच्या दुबळ्या होऊ शकतात. ज्याला आयुष्यभर कीड नव्हती अशा व्यक्तीच्या अनेक दातांना अल्पावधीत कीड लागली, तर आधी औषधांची यादी तपासावी. औषध मात्र स्वतःहून बंद करू नये. ते लिहून देणाऱ्या डॉक्टरांशी बोलावे.

हिरड्या खाली सरकल्याने मुळे उघडी पडलेले वयस्क, दातांना तारा लावलेली मुले, वेडेवाकडे किंवा एकमेकांवर चढलेले दात असणारे आणि पूर्वी बऱ्याच दातांत फिलिंग झालेले लोक, या सर्वांनी अधिक सावध असावे. मुळांवर इनॅमल नसते, त्यामुळे तेथे कीड कमी आम्लातही सुरू होते.

गरोदरपणात बाळ आईच्या दातांतून कॅल्शियम ओढून घेते, हा समज मात्र चुकीचा आहे. त्या काळात वाढलेली कीड वारंवार खाण्यामुळे, उलट्यांमुळे आणि मळमळ होत असल्याने घासणे कमी झाल्यामुळे येते. कॅल्शियमच्या गोळ्या घेऊन लागलेली कीड बरी होत नाही, हेही याच ओघात सांगायला हवे.

घरी पाहणी कशी करावी

ही पाहणी महिन्यातून एकदा करावी. तिला पाच-सात मिनिटे पुरतात. मोठा आरसा, हाताने फिरवता येणारा प्रखर उजेड, म्हणजे फोनचा दिवाही चालतो, स्वच्छ सुती कापडाचा तुकडा किंवा कापूस आणि फ्लॉसचा दोरा एवढेच साहित्य लागते. तोंडात घालायचा छोटा दांडीचा आरसा मिळाल्यास मागच्या दाढा पाहणे सोपे जाते.

पहिल्यांदा दात नीट घासावेत आणि दातांमधल्या फटींतून फ्लॉस फिरवावा. ही पायरी अनेकजण गाळतात आणि मग प्लाकलाच डाग समजतात. प्लाक पांढरट असतो आणि पुसला जातो. सुरुवातीच्या किडीचा डाग पुसला जात नाही. दुसरे म्हणजे, डाग आढळतो तो बहुधा नेमका तेथेच, जिथे प्लाक साचून राहिला होता. त्यामुळे घासण्यापूर्वी कुठे साचलेले दिसते याकडेही एकदा पाहून ठेवावे.

त्यानंतर एकेका भागातील दात पुसून कोरडे करावेत. ओठ बोटाने वर उचलून धरावा, कापड दातांवरून आणि हिरडीच्या कडेवरून हलकेच फिरवावे आणि तोंडाने श्वास न सोडता काही सेकंद थांबावे. आता उजेड तिरपा धरून हिरडीलगतची पट्टी पाहावी. निरोगी इनॅमल चकचकीत असते आणि त्यावर उजेडाचा ठिपका स्पष्ट उमटतो. जेथे ही चकाकी हरवलेली आहे, दात निस्तेज, खडूसारखा पांढरा दिसतो आणि ही पांढरी कड हिरडीला समांतर वळत गेलेली आहे, तेथे कीड सुरू झाल्याची शंका घ्यावी. कोरडे केल्यावरच दिसणारा डाग अगदी सुरुवातीचा असतो. दात ओला असतानाही दिसणारा डाग त्याहून खोल गेलेला असतो. हा फरक लिहून ठेवण्याजोगा आहे, कारण दंतवैद्यही आपल्या नोंदीत या दोन अवस्था वेगळ्या मानतात.

दातांचा क्रम ठरवून घेतल्यास काही सुटत नाही. वरच्या उजव्या अक्कलदाढेपासून सुरुवात करून डावीकडे जावे, मग खालच्या डाव्या बाजूने परत यावे. प्रत्येक दाताची गालाकडची बाजू, जिभेकडची किंवा टाळूकडची बाजू आणि दाढांचा चावण्याचा पृष्ठभाग पाहावा. दाढांच्या वरच्या खाचा आणि बारीक छिद्रे ही किडीची सर्वांत आवडती जागा. ब्रशचा एक केससुद्धा काही खाचांत शिरत नाही इतक्या त्या अरुंद असतात. तेथे केवळ बारीक तपकिरी रेघ असेल तर ती चहा-कॉफीची किंवा तंबाखूची डागाळलेली खाचही असू शकते, आणि अनेक दाढांवर सारखीच रेघ असल्यास तशी शक्यता अधिक. परंतु रेघेच्या दोन्ही बाजूंचे इनॅमल पांढुरके, अपारदर्शक दिसत असेल, किंवा खाचेखालून राखाडी-निळसर सावली जाणवत असेल, तर पृष्ठभाग शाबूत दिसत असूनही आत डेंटिन पोखरले गेलेले असण्याची शक्यता असते. अशी सावली दिसल्यास महिनाभर वाट पाहू नये.

दोन दातांच्या मधली जागा डोळ्यांना दिसत नाही. तिचा अंदाज फ्लॉसवरून घ्यावा: पूर्वी सहज सरकणारा दोरा एका विशिष्ट जागी वारंवार विसकटत किंवा तुटत असेल, किंवा एकाच फटीत दर जेवणाला अन्न अडकू लागले असेल, तर तेथे कड खरखरीत झाली आहे, खड्डा पडला आहे किंवा जुने फिलिंग सैल झाले आहे असे समजावे. जुन्या फिलिंगच्या आणि कॅपच्या कडांवरून जिभेचे टोक फिरवून पाहावे. नव्याने लागणारी धार किंवा पायरी ही सांगण्याजोगी बाब आहे.

टाचणी, सुई, पिन किंवा अन्य टोकदार वस्तूने डाग कधीही टोचून पाहू नये. वर सांगितलेला पातळ पापुद्रा अशा टोचण्याने फुटू शकतो, आणि जी कीड भरून आली असती तिला खड्ड्याचे रूप आपणच देऊन बसतो. याच कारणाने आता दंतवैद्यकातही टोकदार सळई डागात रुतवून पाहण्याची जुनी पद्धत योग्य मानली जात नाही.

लहान मुलांचे दात पाहताना दोन मोठ्यांनी समोरासमोर, गुडघ्याला गुडघा लावून बसावे आणि मुलाचे डोके एकाच्या मांडीवर, पाय दुसऱ्याकडे असे त्याला झोपवावे. वरचा ओठ उचलून पुढच्या चार दातांची हिरडीलगतची कड आधी पाहावी, कारण बाळांमधील कीड बहुधा तेथूनच सुरू होते. दुधाच्या दातांचे इनॅमल पातळ असल्याने पांढऱ्या डागापासून खड्ड्यापर्यंतचा प्रवास फार लवकर होतो. सहा वर्षांच्या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागे पहिली कायमची दाढ येते. कोणताही दात न पडता ती उगवत असल्यामुळे पुष्कळ पालक तिला दुधाचीच दाढ समजतात आणि ती आयुष्यभर पुरवायची आहे हे ध्यानात येण्याआधीच ती किडलेली असते. या दाढेकडे पहिली एक-दोन वर्षे अगदी डोळ्यांत तेल घालून पाहावे.

दिसलेल्या डागाचा फोनवर जवळून फोटो काढावा आणि दातांचे नाव व तारीख लिहून ठेवावी. दर महिन्याला त्याच उजेडात, त्याच कोनातून फोटो घेतल्यास डाग वाढतो आहे की स्थिर आहे हे आठवणीवर अवलंबून राहत नाही.

प्रत्येक पांढरा डाग म्हणजे कीड नव्हे

दात तयार होत असताना फ्लोराइड जास्त मिळाल्यास येणारे पांढरे पट्टे बहुधा दोन्ही बाजूंच्या जोडीच्या दातांवर सारखेच दिसतात, ते पुसट, आडव्या रेघांसारखे असतात आणि हिरडीच्या कडेला धरून नसतात. काही मुलांच्या पहिल्या कायमच्या दाढा आणि पटाशीचे दात मुळातच कमी खनिजांनिशी उगवतात. त्यांवर मलईच्या रंगाचे किंवा पिवळट-तपकिरी, ठळक कडांचे ठिपके असतात. हे किडीचे डाग नसले तरी असा दात लवकर झिजतो आणि किडतो, म्हणून तो दाखवून घ्यावा. झोपेत तोंडाने श्वास घेणाऱ्यांचे पुढचे दात सकाळी कोरडेपणामुळे पांढरे दिसतात आणि थोड्या वेळाने पूर्ववत होतात. यांतील भेद नेहमीच घरी करता येईल असे नाही. शंका असल्यास निर्णय दंतवैद्यावर सोपवावा.

दवाखान्यात काय होते आणि काय विचारावे

काही दुखत नसताना दंतवैद्याकडे जाण्याचा संकोच वाटू देऊ नये. आपली नोंद, फोटो आणि चालू औषधांची यादी सोबत न्यावी. चांगल्या तपासणीत दात आधी स्वच्छ केले जातात, हवेच्या झोताने काही सेकंद कोरडे केले जातात आणि मग प्रखर उजेडात पाहिले जातात. पृष्ठभाग खरखरीत आहे का हे गोल टोकाच्या सळईने, दाब न देता, जाणून घेतले जाते. खरखरीत व निस्तेज डाग म्हणजे चालू असलेली कीड. गुळगुळीत आणि चमकदार डाग म्हणजे थांबलेली.

दोन दातांमधील कीड शोधण्यासाठी दातांनी एक छोटी पट्टी चावून धरून काढलेला एक्स-रे उपयोगी पडतो. त्याचीही मर्यादा आहे: साधारणपणे ३० ते ४० टक्के खनिजे गेल्याशिवाय डाग एक्स-रेत दिसत नाही. त्यामुळे एक्स-रे स्वच्छ आला म्हणून दिसणारा पांढरा डाग खोटा ठरत नाही. काही ठिकाणी दातातून प्रखर उजेड सोडून सावली पाहण्याची पद्धत वापरतात, तर काही ठिकाणी लेझरच्या प्रकाशावर आधारित उपकरण. या साधनांच्या आकड्यावरून एकट्याने दात कोरण्याचा निर्णय होऊ नये. डोळ्यांची तपासणी सोबत हवीच. गरोदर असल्यास किंवा तशी शक्यता असल्यास एक्स-रेपूर्वी सांगावे.

विचारण्याजोगे प्रश्न असे: ही कीड फक्त इनॅमलमध्ये आहे की डेंटिनपर्यंत गेली आहे? पृष्ठभाग तुटला आहे का? ती चालू आहे की थांबलेली? दात न कोरता काय करता येईल, आणि तसे केल्यास पुन्हा केव्हा पाहायचे? या उत्तरांवर उपचाराची दिशा ठरते. इनॅमलपुरत्या मर्यादित, पृष्ठभाग शाबूत असलेल्या डागासाठी कोरून फिलिंग सुचवले गेले, तर त्यामागचे कारण विचारण्याचा रुग्णाला पूर्ण अधिकार आहे. एकदा कोरलेला दात पुन्हा पहिल्यासारखा होत नाही, आणि प्रत्येक फिलिंग कधी ना कधी बदलावे लागते.

डाग सापडल्यावर

खड्डा पडलेला नसेल तर पहिले औषध फ्लोराइड. फ्लोराइडच्या उपस्थितीत परत बसणारी खनिजे आम्लाला सहजासहजी दाद देत नाहीत. प्रौढांनी १,००० ते १,५०० पीपीएम (दहा लाख भागांतील भाग) फ्लोराइड असलेल्या टूथपेस्टने दिवसातून दोनदा, दर वेळी सुमारे दोन मिनिटे दात घासावेत. त्यांतील एक वेळ झोपण्यापूर्वीची असावी आणि त्यानंतर पाण्याशिवाय काही घेऊ नये. पेस्टच्या वेष्टनावर हे प्रमाण छापलेले असते, ते वाचावे; सर्वच पेस्टमध्ये फ्लोराइड नसते. घासून झाल्यावर फेस थुंकून टाकावा, पण खळखळून चूळ भरू नये. चूळ भरल्याने दातांवर राहायला हवे ते फ्लोराइड वाहून जाते. ही सवय अंगवळणी पडायला वेळ लागतो, तरी तिचा लाभ मोठा आहे. तीन वर्षांखालील मुलांना तांदळाच्या दाण्याएवढी आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलांना वाटाण्याएवढी पेस्ट पुरते. मुलांचे दात मोठ्यांनी घासून द्यावेत.

त्याच सुमारास खाण्याच्या वेळा लिहून काढाव्यात. तीन-चार दिवसांची प्रामाणिक नोंद पुरेशी असते: किती खाल्ले यापेक्षा किती वेळा तोंडात गोड गेले, याची. बहुतेकांना त्यात दोन-तीन सवयी सहज सापडतात, जसे कामाच्या वेळी चघळलेल्या गोळ्या किंवा वारंवार घेतलेले गोड पेय. गोड खायचे असल्यास ते जेवणासोबत घ्यावे आणि मधल्या वेळी पाणी प्यावे.

दंतवैद्य डागावर जास्त तीव्रतेच्या फ्लोराइडचा लेप लावतात. हा लेप ठरावीक काळाने पुन्हा लावावा लागतो. दाढांच्या खोल खाचा पातळ संरक्षक थराने बुजवता येतात, ज्याला सीलंट म्हणतात; नुकत्याच उगवलेल्या कायमच्या दाढांसाठी हा उपाय विशेष गुणकारी आहे. खड्डे पडलेल्या पण सहकार्य करू न शकणाऱ्या लहान मुलांसाठी किंवा अतिवृद्धांसाठी सिल्व्हर डायमिन फ्लोराइड हे द्रव वापरून कीड थांबवता येते. त्याने किडलेला भाग कायमचा काळा पडतो, हे आधीच सांगून घ्यावे.

सुधारणा आठवड्यांत दिसत नाही, महिन्यांत दिसते. डाग पूर्ण नाहीसा होईलच असे नाही. खडूसारखा खरखरीत डाग गुळगुळीत आणि चमकदार झाला, मग तो पांढराच राहिला किंवा तपकिरी झाला तरी, कीड थांबली असे समजावे. काहींना तो दिसायला खटकतो, आणि त्यासाठी स्वतंत्र उपचार आहेत. दाताच्या आरोग्यासाठी त्यांची गरज नसते.

दुधाचे दात पडणारच आहेत म्हणून त्यांची कीड सोडून देऊ नये. दुधाच्या मागच्या दाढा दहा-बारा वर्षांच्या वयापर्यंत तोंडात असतात. त्या अकाली गेल्यास मूल नीट चावू शकत नाही आणि कायमच्या दातांची जागा आक्रसते.

दुखू लागले असेल तर

गोड किंवा थंड लागताच दात क्षणभर शिवशिवतो आणि लगेच शांत होतो, अशा वेळी दाताची नस बहुधा वाचवता येते. काही दिवसांतच तपासून घ्यावे. थंड-गरम लागल्यावर कळ मिनिटभर किंवा अधिक रेंगाळते, काही कारण नसताना ठणका सुरू होतो, रात्री झोपेतून जाग येते, तर नसेला न भरून येणारी इजा झालेली असण्याची शक्यता अधिक आणि रूट कॅनलची वेळ येऊ शकते. या अवस्थेनंतर कधी कधी दुखणे आपोआप थांबते. नस मेली म्हणून ते थांबलेले असते, दात बरा झाला म्हणून नव्हे, आणि संसर्ग मुळाशी गुपचूप पसरत राहतो. दुखऱ्या दाताशेजारी हिरडीवर ॲस्पिरिनची गोळी दाबून ठेवण्याचा उपाय कधीही करू नये, त्याने हिरडी भाजते.

चेहऱ्यावर किंवा जबड्याखाली सूज, ताप, तोंड उघडायला त्रास, गिळताना किंवा श्वास घेताना अडचण, यांपैकी काहीही दिसल्यास ती तातडीची वेळ आहे. दंतवैद्याची नियोजित भेट येईपर्यंत थांबू नये, थेट रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जावे.

पुन्हा तपासणी केव्हा

सर्वांसाठी सहा महिन्यांचा एकच नियम असण्याची गरज नाही. ब्रिटनमधील आरोग्य मार्गदर्शक संस्था नाइस हिच्या शिफारशीनुसार प्रौढांसाठी हे अंतर जोखमीप्रमाणे तीन महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत असू शकते, आणि अठरा वर्षांखालील मुलांसाठी जास्तीत जास्त एक वर्ष. चालू असलेले पांढरे डाग, कोरडे तोंड किंवा नुकतेच झालेले फिलिंग असल्यास तीन ते सहा महिन्यांनी जावे. गेल्या काही वर्षांत एकही नवा डाग नसल्यास अंतर वाढवता येते, परंतु नवे औषध सुरू झाले, तारा लावल्या किंवा गरोदरपण आले, तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता आधीच तपासून घ्यावे आणि तेव्हापासूनचे अंतर नव्याने ठरवावे.